बाबांचा भुरका आणि जपानच्या नूडल्स

आमच्या घरात भुरका मारायला बंदी आहे. बंदी आईची, आणि ती एकाच माणसाला लागू होते. बाबा चहा असा ओढतात की शेजारच्या खोलीत कळावं, आणि त्यावर आईचं "अहो, आवाज!" हे चाळीस वर्षांचं ठरलेलं उत्तर. जपानात नूडल्स आवाज करूनच खातात असं मी सहज बोलून गेले, आणि त्याच आठवड्यात, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, बाबांनी पासपोर्ट नूतनीकरणाला टाकला. आईचे गुडघे प्रवासाला तयार नव्हते. कानही नसावेत. त्यामुळे नोव्हेंबरच्या शेवटी आम्ही बाप-लेकच निघालो. आठ दिवस. किल्ले-देवळं वाटेत आली तर बघायची, पण दिवस आखायचा तो नूडल्सभोवती.

दिवस १ : ओसाका

हॉटेलात बॅगा टाकल्या आणि उमेदाहून हांक्यू रेल्वेने इकेदाला गेलो. वीसेक मिनिटांचा रस्ता. झटपट नूडल्सचा जन्म या गावात झाला. मोमोफुकु आंदो यांनी १९५८ मध्ये परसातल्या लाकडी शेडमध्ये पहिलं चिकन रामेन तयार केलं. त्या शेडची हुबेहूब प्रतिकृती इथल्या कप नूडल्स संग्रहालयात आहे: एक कढई, नूडल्सचं हातयंत्र, दोन-चार पातेली, एक बल्ब. बायकोला तेम्पुरा, म्हणजे जपानी भजी, तळताना पाहून त्यांना युक्ती सुचली म्हणतात. उकळत्या तेलात नूडल्समधलं पाणी वाफ होऊन निघून जातं, मागे बारीक छिद्रं राहतात, आणि पुढे गरम पाणी त्याच छिद्रांतून आत शिरतं. पहिलं पाकीट ३५ येनांना होतं. त्या काळी ताज्या उदोनचा, म्हणजे गव्हाच्या जाड नूडल्सचा, गोळा सहा येनांना मिळायचा. आज गरिबाचं जेवण समजली जाणारी ही वस्तू सुरुवातीला चैनीची होती, हे मला ठाऊक नव्हतं.

इथे ५०० येनांत आपला कप आपण बनवायचा. चार सुपांतलं एक आणि बारा जिनसांतले कुठलेही चार. फलकावर लिहिलं होतं, ५,४६० प्रकार होऊ शकतात. बाबा निवृत्त गणित शिक्षक. रांगेत उभ्या उभ्या त्यांनी पावतीच्या पाठीवर मांडणी केली. "तीच जिन्नस पुन्हा घेतली तरी चालते, म्हणजे पंधरातून चार. तेराशे पासष्ट. गुणिले चार सुपं. बरोबर आहे गं यांचं." मागचा शाळकरी मुलगा त्या पावतीकडे डोळे मोठे करून बघत होता.

मला आवडला तो नूडल्स कपात जाण्याचा प्रकार. कपात नूडल्स टाकत नाहीत, नूडल्सच्या वडीवर कप उपडा बसवतात आणि मग दांडा फिरवून सगळंच उलटं करतात. वडी कपाच्या मधोमध अडकून राहते, तळाशी टेकत नाही. त्यामुळे पाणी खालूनही फिरतं आणि वाहतुकीत कप चेपत नाही. तयार कप हवा भरलेल्या पिशवीत घालून गळ्यात अडकवायला देतात. बाबांनी तो खरोखरच गळ्यात अडकवला आणि आठही दिवस काढला नाही म्हटलं तरी चालेल.

(संग्रहालय मंगळवारी बंद असतं. प्रवेश फुकट आहे. शनिवार-रविवारी कपाच्या रांगेत बराच वेळ जातो. कप महिनाभरात खाऊन टाकायचा.)

दिवस २ : ताकामात्सु, आणि उपास

ओकायामाहून ताकामात्सुची गाडी सेतो पुलावरून समुद्र ओलांडते. दोन्ही बाजूंना छोटी छोटी बेटं, मासेमारीच्या होड्या, कोवळं ऊन. पलीकडचा कागावा हा जपानमधला आकाराने सर्वांत लहान प्रांत. २०११ पासून तो स्वतःची जाहिरात 'उदोन प्रांत' अशीच करतो.

आम्ही पावणेदोनला उतरलो. यादीतल्या पहिल्या दुकानापाशी पोचलो तर दारावरचा कापडी पडदा आत घेतलेला. पडदा आत म्हणजे दुकान बंद. दुसऱ्या दुकानातल्या बाईंनी दोन्ही हातांची फुली करून दाखवली: गोळे संपले. तिसऱ्या ठिकाणी पोचेपर्यंत अडीच वाजले होते आणि एक आजोबा दारात पाणी मारत होते. शेवटी स्टेशनजवळ भाताचा डबा घेऊन बाकावर बसून खाल्ला. उदोन प्रांतातलं आमचं पहिलं जेवण भात.

चूक आमची होती. इथे उदोन म्हणजे सकाळचं आणि फार तर दुपारच्या पहिल्या प्रहराचं खाणं. चांगली दुकानं पहाटे उघडतात, त्या दिवशीचे गोळे संपले की बंद करतात. ताकामात्सुला जाणार असाल तर आदल्या रात्रीच पोचा आणि गजर लावा.

दिवस ३ : सकाळी साडेसहा

अंधार पुरता गेला नव्हता. गल्लीत एकाच दारातून वाफ येत होती, म्हणून पत्ता न बघताच आत शिरलो. आत जेमतेम दहा माणसं, सगळी घाईत. काचेमागे एक माणूस लांब पातीच्या सुरीने कणकेची घडी कापत होता. सुरी वर-खाली, कणीक एका लयीत पुढे सरकत होती.

इथे गोळ्यावर मागायचं असतं. एक गोळा, दोन गोळे, तीन गोळे. आम्ही एकेक बोट वर केलं. हातात थंड नूडल्सचा वाडगा आला आणि पुढे काय, ते कळेना. मागे ऑफिसची बॅग लावलेले एक गृहस्थ उभे होते. त्यांनी माझ्या हातातला वाडगा काढून घेतला, नूडल्स लांब दांड्याच्या गाळणीत ओतल्या, उकळत्या पाण्याच्या हौदात बुडवल्या, वर-खाली, वर-खाली, आणि एक झटका देऊन पुन्हा वाडग्यात. दहा सेकंदांचं काम. बाबांनी स्वतः करून बघितलं. त्यांना कुठे थांबायचं ते कळेना. गृहस्थांनी हळूच त्यांचं मनगट धरून गाळणी वर उचलली.

मग टाकीच्या तोटीखाली वाडगा धरायचा. रस गरम, सोनेरी, वास सुक्या माशांचा. या भागात तो इरिको म्हणजे वाळवलेल्या छोट्या माशांचा करतात. वर कांद्याची पात, किसलेलं आलं, तळणीतला चुरा, हवं तितकं. दोघांचे मिळून सातशे येनसुद्धा झाले नाहीत.

बाबा बसले आणि त्यांनी चाळीस वर्षांची उधारी वसूल करायला घेतली. असा भुरका की मी दचकून इकडेतिकडे पाहिलं. कुणी मान वर केली नाही, कारण सगळ्या खोलीत तोच आवाज चालला होता. बॅगवाले गृहस्थ चार मिनिटांत खाऊन, वाडगा खिडकीत ठेवून, मान लववून गेलेसुद्धा. मी मात्र दातांनी नूडल्स तोडत बसले. जाड, चौकोनी कडांचा उदोन तोडला की उरलेला तुकडा रसात पडतो आणि रस अंगावर उडतो. अर्ध्यावर येईपर्यंत माझ्या नूडल्स फुगल्या होत्या आणि स्वेटरवर पाच डाग होते.

इथल्या उदोनमध्ये 'कोशी' लागते. कोशीचा साधा अर्थ कंबर. चावताना आधी मऊ लागावं, मग आतून विरोध व्हावा, तो विरोध म्हणजे कोशी. इटलीत पास्त्याच्या गाभ्यात किंचित कच्चेपणा ठेवतात, तशी ही नाही. उदोन पूर्ण शिजलेला असतो, ताठपणा कणकेतूनच येतो. तो कसा येतो ते दुपारी पायांना कळलं.

मधे अजून एक दुकान झालं. तिथे कामातामा खाल्लं: भांड्यातून काढलेल्या गरम नूडल्सवर कच्चं अंडं आणि सोया सॉस. ढवळता ढवळता अंडं नूडल्सच्या उष्णतेनेच अर्धवट जमतं. मिनिटभर फोटो काढत बसलात तर अंडं तसंच पाण्यासारखं राहतं. (माझं राहिलं.)

दुपारी कोतोहिराला एका उदोन शाळेत गेलो. कणीक मिठाच्या पाण्यात भिजवतात, आणि प्रमाण ऋतूवर ठरतं. उन्हाळ्यात एक भाग मिठाला तीन भाग पाणी, कडक थंडीत एकाला सहा. उन्हाळ्यात कणीक सैलावते, तिला जास्त मीठ आवळून धरतं. नंतर गोळा प्लास्टिकच्या पिशवीत घालून जमिनीवर ठेवला आणि बाईंनी गाणं लावलं. गाण्यावर नाचत कणीक तुडवायची. बाबांनी सुरुवातीला अन्नाला पाय लावायचा म्हणून नमस्कार केला, आणि मग असे नाचले की शेजारच्या कोरियन कॉलेजच्या पोरी टाळ्या वाजवायला लागल्या. शेवटी प्रमाणपत्र मिळालं.

बाईंनी सहज सांगितलेली एक गोष्ट मला चटका लावून गेली. हा उदोन बहुतेक ऑस्ट्रेलियन गव्हाचा असतो. पाऊस कमी असलेला हा मुलूख; हजारो तळी आहेत इथे, कारण नद्यांवर भरवसा नाही. भाताला पाणी पुरत नव्हतं म्हणून गहू पेरला जायचा, त्यातून उदोन आला, आणि पुढे ऑस्ट्रेलियात खास उदोनसाठी गहू पिकू लागला, तो रंगाने आणि चिवटपणाने सरस ठरला. त्यावर उत्तर म्हणून प्रांताने 'सानुकी नो युमे', म्हणजे सानुकीचं स्वप्न, नावाचं स्वतःचं वाण काढलं. सानुकी हे या प्रांताचं जुनं नाव.

कोतोहिराच्या देवळाला मुख्य सभामंडपापर्यंत ७८५ पायऱ्या आहेत. बाबा मोजत चढले. मी धापा टाकत चढले.

दिवस ४ : फुकुओका

फुकुओकाच्या हाकाता स्टेशनपासून दहा मिनिटांवर जोतेन-जी नावाचं झेन मंदिर आहे. आवारात एक उभा दगड: 'उदोन आणि सोबा यांचं जन्मस्थान'. सोबा म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या नूडल्स. एन्नी नावाचे भिक्षू १२४१ मध्ये चीनहून परतताना पाणचक्कीवर दळण्याची विद्या घेऊन आले, असं इथले लोक सांगतात. काल कागावात ऐकलं होतं की उदोन चीनहून आणला तो त्यांच्या कुकाई या संताने, आणि तेही चारशे वर्षं आधी. बाबा म्हणाले, दोघांनाही पूर्ण गुण देऊन टाक.

गंमत म्हणजे जन्मस्थानावर मिळणारा उदोन मऊ, लुसलुशीत, जिभेने तुटेल असा. हाकाताचे व्यापारी घाईत असत, त्यांच्यासाठी आधीच उकडून ठेवायची पद्धत पडली म्हणतात. बाबांनी एक घास घेतला आणि गंभीरपणे म्हणाले, "कंबर मोडलीय." मला मात्र आवडला. दातांचं काम नाही, गरम रस प्यालेला.

संध्याकाळी नाकासुला नदीकाठच्या याताई म्हणजे हातगाड्यांवर गेलो. शहरात अशा सुमारे शंभर गाड्या आहेत. अंधार पडला की उभ्या राहतात, पहाटेपर्यंत नाहीशा होतात. एका गाडीवर आठ-दहा माणसं खांद्याला खांदा लावून बसतात. आमच्या एका बाजूला लग्नाच्या वाढदिवसाला आलेलं जोडपं, दुसऱ्या बाजूला टाय सैल केलेले तीन कारकून.

हाकाताचं रामेन म्हणजे डुकराची हाडं तासन्‌तास उकळून केलेलं दुधी रंगाचं सूप आणि अगदी बारीक, सरळ नूडल्स. नूडल्स किती कडक हव्यात ते आपण सांगायचं. 'काता' म्हणजे कडक, 'बारिकाता' त्याहून कडक, पुढे 'हारिगाने' म्हणजे तार, आणि शेवटी 'कोना-ओतोशी', नुसतं वरचं पीठ झटकण्यापुरतं बुडवलेलं. ही पद्धत मासळी बाजारामुळे पडली. नागाहामाच्या बाजारातल्या माणसांना वेळ नसायचा, म्हणून पटकन शिजणाऱ्या बारीक नूडल्स. पण बारीक नूडल्स सुपात लगेच फुगतात, म्हणून वाढायच्या थोड्याच. संपल्या की 'काएदामा' असं ओरडायचं, नवा गोळा उरलेल्या सुपात येऊन पडतो.

बाबांनी बारिकाता मागितलं. मीही. सूप तोंडाशी आलं, चष्म्यावर वाफ आली, शेजारचे कारकून काहीतरी म्हणून जोरात हसले, आणि त्या गलक्यात मी एक भुरका मारला. अगदी बारका. कुणाला ऐकू गेला नसेल असं वाटलं. बाबांनी वाडग्यातून मान न काढता विचारलं, "काएदामा सांगू का?"

(याताईवर प्रत्येकी किमान एक पदार्थ मागवावा, खाऊन झालं की उठावं, मागे लोक उभे असतात. स्वच्छतागृह नसतं. शुद्ध शाकाहारी माणसाला हा सगळा प्रवासच कठीण आहे. भाज्यांच्या उदोनमध्येही रस माशांचा असतो, सोबाबरोबरचा थंड रसही तसाच. आम्ही दोघं पानात पडेल ते खातो म्हणून निभलं.)

दिवस ५ : नागासाकी

दिवसभर पाऊस. हाकाताहून दीड तास, मधे ताकेओ-ओन्सेनला त्याच फलाटावर समोरच्या शिंकान्सेनमध्ये, म्हणजे बुलेट ट्रेनमध्ये, बसायचं. चाम्पोन हा नूडल्सचा पदार्थ ज्या शिकाइरो उपाहारगृहात जन्मला ते समुद्राकडे तोंड करून उभं आहे. फुजियानहून आलेल्या चेन पिंगशुन यांनी ते १८९९ मध्ये सुरू केलं. इथल्या गरीब चिनी विद्यार्थ्यांना स्वस्तात पोटभर मिळावं म्हणून त्यांनी हा पदार्थ काढला. डुकराचं मांस, कोळंबी, माकूळ, कोबी, मोड आलेले मूग हे सगळं परतायचं, सूप घालायचं आणि नूडल्स त्याच कढईत शिजवायच्या. रामेनमध्ये नूडल्स वेगळ्या उकळतात. इथे सगळं एकत्र, म्हणून नूडल्समध्ये चव मुरते. वाढलेला ढीग बघून ते विद्यार्थी उपाशी राहत नसणार याची खात्री पटली.

टेबलावर सॉसची बाटली होती, पातळ, काळी, वूस्टरशायरच्या धर्तीची. ती सारा-उदोनसाठी, म्हणजे तळलेल्या कुरकुरीत नूडल्सवर दाटसर भाज्या घातलेल्या बशीसाठी. मला ते पाप वाटलं. वाढणाऱ्या मावशींनी मान हलवून बाटली माझ्यापुढे सरकवली. घातला. बरोबर होत्या त्या.

दिवस ६ : उत्तरेकडे

विमानाने तोक्यो, तिथून लगेच मोरिओकाची शिंकान्सेन. मधल्या तासाभरात स्टेशनजवळच्या दुकानात उभ्याने खायचा बेत होता. दारातल्या जेवणाच्या तिकीट-यंत्राने आमच्या नोटा सहा वेळा थुंकल्या. जुलै २०२४ मध्ये जपानने नवीन नोटा काढल्या, पण छोट्या दुकानांची कितीतरी जुनी यंत्रं त्या घेत नाहीत. मागे रांग वाढत गेली, आम्ही माफी मागत बाहेर पडलो. हजाराच्या थोड्या जुन्या नोटा आणि मूठभर सुटी नाणी कायम जवळ ठेवा.

मोरिओकाला उतरलो तर तापमान दोन अंश. रात्री जाजामेन खाल्लं: चपट्या नूडल्स, वर काळपट मिसो-खिमा (मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट), काकडी. सगळं स्वतः कालवायचं, वर लसूण, आलं, व्हिनेगर आपल्या अंदाजाने. पहिल्या वाडग्याला कधीच जमत नाही, असं शेजारची मुलगी म्हणाली. थोडं शिल्लक ठेवायचं, त्यात कच्चं अंडं फोडून ढवळायचं आणि वाडगा काउंटरवर द्यायचा: "चिइतान." नूडल्स उकडलेलं गरम पाणी आणि चमचाभर मिसो पडून वाडगा सूप होऊन परत येतो. थंडीत त्या शेवटच्या वाडग्यासाठी मी आधीचं सगळं माफ केलं.

दिवस ७ : पासष्टावी वाटी

वांको सोबा. गळ्यात एप्रन, पुढ्यात लाकडी वाटी, बाजूला मुळ्याचा कीस, मशरूम, ट्यूना वगैरे. मागे लाल किमोनोतली एक बाई, हातात घासभर सोबाच्या वाट्यांचा ट्रे. आपण घास संपवला की ती "हाय, जान-जान! हाय, दोन-दोन!" म्हणत दुसरा टाकते. थांबायचं तर वाटी रिकामी असतानाच झाकण घालायचं. पंधरा वाट्या म्हणजे साधारण एक नेहमीचा वाडगा.

बाईंचा सल्ला: रस पिऊ नका, बादलीत ओता, चावू नका, बोलू नका. बाबांना न बोलणं सर्वांत अवघड गेलं. मी एकेचाळिसाव्या वाटीला झाकण घातलं. बाबा साठला पोचल्यावर माझ्याकडे बघून चार बोटं दाखवायला लागले. चौसष्ट. वर्गही आणि घनही. तिथे थांबायचं ठरवून बसले होते. चौसष्टावी वाटी रिकामी झाली, हात झाकणाकडे गेला, आणि त्या बाई त्यांच्यापेक्षा मोठ्या शिक्षिका निघाल्या. टप्. पासष्टावी.

बाबांनी त्या वाटीकडे जितक्या दुःखाने पाहिलं तितक्या दुःखाने मी त्यांना कुठल्या पेपराकडे बघताना पाहिलं नाही. खाल्ली, झाकण घातलं. रात्री व्हिडिओ कॉलवर आईने विचारलं, किती? "चौसष्ट," बाबा म्हणाले. मी गप्प बसले.

मोरिओकाचं तिसरं नूडल, बटाट्याच्या स्टार्चचं थंडगार रेइमेन, राहून गेलं. पोटाने दाद दिली नाही.

दिवस ८ : तोक्यो

परतीच्या आदल्या दुपारी एका जुन्या सोबाघरात गेलो. दारावर चिठ्ठी होती: 'नवीन सोबा'. शरद ऋतूत बकव्हीटचं, म्हणजे कुट्टूचं, नवं पीक येतं. या पिठात चिकटपणा नसतो, म्हणून बहुतेक ठिकाणी आठ भाग बकव्हीटला दोन भाग गहू घालतात. वेताच्या चाळणीवर थंड सोबा, बाजूला गडद रस. टोकापुरतं बुडवायचं आणि ओढायचं. ओढताना तोंडात हवा जाते आणि ती नाकाकडे निघते; भाजक्या धान्यासारखा, किंचित गवताचा वास तेव्हाच येतो. मी आधी चावून पाहिलं, मग ओढून. चावल्यावर फक्त रसाची चव होती.

शेवटी लाकडी किटलीत सोबायु आलं, सोबा उकडलेलं ढगाळ पाणी. ते उरलेल्या रसात ओतून प्यायचं. बाबांनी ते कसं प्यायलं हे सांगायला नको. पलीकडच्या टेबलावरच्या आजींनी त्यांच्याकडे बघून आपला पेला उचलला.

रात्री हॉटेलात मी दिवा मालवून पडले होते. साडेअकराला किटलीची कळ दाबल्याचा आवाज आला. मग प्लास्टिक फाटल्याचा. इकेदाचा तो कप.

"बाबा, आत्ता?"

"झोप तू. उद्या विमानात कुठे सांभाळत बसू."

झाकणावर तीन मिनिटं लिहिलेली असतात. मी मोबाइलवर वेळ बघत होते. दोन मिनिटांनीच झाकण निघालं.

"अजून एक मिनिट आहे हो."

"बारिकाता," अंधारातून उत्तर आलं, आणि पाठोपाठ भुरका.